खिळ्यावरचा पट्टा

मित्रांनो, जुना झालो आहे, तेव्हा जरा सावकाश सांगतो. मी विजेच्या खांबावर चढणाऱ्यांचा कमरपट्टा. देवगडकडच्या एका लहानशा वीज कचेरीत, फोनच्या टेबलामागच्या खिळ्याला लटकतो. कुठल्याशा कारखान्यात मला शिवलं, कडी लावली आणि पाठीवर इंग्रजीत ‘लाइनमन’ असं छापलं.

माझी पहिली कंबर सत्यवानांची, चांगली ऐसपैस. ते निवृत्त झाले आणि मी त्यांच्या जागी आलेल्या रसिकाकडे आलो. तिला मी ढगळ होऊ लागलो, म्हणून तिने मला आणखी एक भोक पाडून घेतलं. मिठबावच्या काशीबाई तिला लांबून पाहिलं की ओरडायच्या, “इलो रे वायरमन!” रसिका हसायची. वर गेल्यावर ती सगळा भार माझ्यावर टाकून दोन्ही हात मोकळे करायची. माडांवरून समुद्र दिसला की क्षणभर थांबायची. तेव्हा मी ताणलेला असायचो. पट्ट्याचं सुख ते तेवढंच.

गेल्या वर्षी वरून फर्मान आलं. इंग्रजी हुद्दे असे हवेत की बाई असो वा पुरुष, दोघांनाही शोभावेत. लाइनमनचे ‘लाइनपर्सन’ झाले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. इतकी वर्षं रसिका कमरेला दुसऱ्याचंच नाव बांधून फिरत होती. कचेरीत समारंभ झाला. रसिकाला नवा बिल्ला मिळाला, गुलाबाचं फूल मिळालं. मला बांधून तिला खांबाजवळ उभं केलं आणि फोटो काढला. तो मोठा करून दाराशी लावला. जिल्ह्याहून माणसं येऊन कौतुक करून गेली.

आणि तिथेच माशी शिंकली. पुढच्याच वादळात आंब्याची फांदी तारांवर पडली. रसिकाने मला खिळ्यावरून काढलं, तोच साहेब म्हणाले, “तुम्ही नको, मॅडम. आपल्या वायरमन बाबूला जाऊ दे. आता सगळा जिल्हा तुम्हाला ओळखतो. काही झालं तर वर काय सांगू?”

“सर, इतकी वर्षं चढतेय ना मी?”

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती.”

तिने मला परत अडकवलं आणि फोनच्या टेबलाशी बसली. एका दिवसापुरतं असेल, असं आम्हा दोघांना वाटलं. सुरुवातीला ती रोज विचारायची. मग विचारणं सोडलं. मलाही आधी वाईट वाटायचं, आता तेही वाटत नाही. कडीला गंज चढला आहे. कुणीतरी माझ्यावरच छत्री अडकवतं.

परवा दुपारी फोन वाजला. रसिकाने उचलला. काशीबाईंचा आवाज मोठा, मला खिळ्यावरही ऐकू येतो.

“गो बाय, पंप बंद आसा, कलमांका पाणी नाय. वायरमनाक धाड.”

“बाबूक धाडतंय, काकी.”

“तो नको गो. त्या रसिकाक धाड. ता बेगीन, झटक्यात चढता.”

रसिकाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“काकी, रसिका आता हय नाय.”

“अगो बाय! खंय गेला?”

रसिकाने फोन ठेवला आणि बाबूला पत्ता दिला. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

मित्रांनो, माणसाला नवं, चांगलं नाव जरूर द्या. पण नाव देऊन झालं की त्याला त्याच्या कामावर जाऊ द्या. माझ्या कडीला तेल लावायचं विसरलात तरी चालेल. रसिका इथेच, माझ्यासमोर बसलेली आहे. कचेरीत आलात तर तिचा फोटो बघत थांबू नका. तिला एकदा विचारा, खांबावर जायचं का म्हणून.