पेपरमिंटची बरणी

"मार्ला, खिसे उलटे कर," डायकसबाई म्हणाल्या आणि पाचवीच्या सगळ्या वर्गाच्या माना तिच्याकडे वळल्या.

टेबलावरची पेपरमिंटची बरणी शुक्रवारी गळ्यापर्यंत भरलेली होती. आज, सोमवारी, तळाला जेमतेम चार गोळ्या. बायबलचं वचन न अडखळता म्हणणाऱ्याला एक गोळी, असा बाईंचा सव्वीस वर्षांचा शिरस्ता. मार्लाने खिसे उलटे केले. एकातून रुमाल निघाला, दुसऱ्यातून एक पेपरमिंट.

"आजोबांनी दिलंय. काल चर्चमध्ये," ती म्हणाली.

अमेरिकेत आयोवातल्या त्या डच वस्तीच्या गावात प्रवचन सुरू झालं की झाडून सगळे आजोबा नातवंडांच्या हातात पेपरमिंट सरकवत. त्या दिवशी वर्गातल्या कुणाचाही खिसा चाचपला असता, तरी एखादी गोळी हाती लागलीच असती. बाईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. त्या "बरं"चा अर्थ सगळ्या वर्गाला कळला. मार्लालाही कळला.

दुपारी शाळेचा म्हातारा शिपाई हार्म झाडायला आला. शनिवारी चर्चच्या महिला मंडळाची बैठक याच खोलीत झाली होती, हे त्याने झाडता झाडता सांगितलं. "बायकांनी तुमच्या बरणीवर चांगलाच हात मारला, बाई. भरून देतो म्हणाल्यात," तो हसत म्हणाला.

बाईंना हसू आलं नाही. बावीस मुलांमधून आपल्याला मार्लाच कशी दिसली, हे त्यांना पुरतं माहीत होतं. सप्टेंबरात तिने एका मैत्रिणीची रंगपेटी उचलली होती. वर्गाच्या रिवाजाप्रमाणे तिने सर्वांसमोर कबुली दिली, पेटी परत केली आणि शाळेतल्या बुधवारच्या सूपच्या जेवणानंतर त्या मैत्रिणीबरोबर वाट्या धुतल्या. शेवटची वाटी पुसली की विषय संपला. ख्रिस्ताने आपल्याला पापातून सोडवलं ते आपली लायकी बघून नव्हे, तेव्हा दुसऱ्याची चूक जपून ठेवायचा आपल्याला हक्क नाही, असं बाई दरवर्षी नव्या मुलांना सांगत. नवे मुख्याध्यापक रूलोफ्स यांनी मुलांच्या गुन्ह्यांची वही ठेवायला सांगितली, तेव्हा बाईंनी साफ नकार दिला होता. आणि वही तर त्यांच्या डोक्यातच होती. बाईंना स्वतःची मनापासून लाज वाटली.

मंगळवारी सकाळी त्या टेबलामागे गेल्या नाहीत. कबुली द्यायला मुलं फळ्याजवळ जिथे उभी राहत, तिथेच उभ्या राहिल्या.

"मी मार्लावर चोरीचा आळ घेतला. तिने काही केलं नव्हतं. सप्टेंबरातली गोष्ट मी मनात धरून बसले होते. मार्ला, माझं चुकलं. मला माफ करशील?"

मार्ला बराच वेळ बुटांकडे बघत राहिली. माफीसाठी कुणाला घाई करायची नाही, हाही बाईंचाच नियम. त्यांनी जन्मात एवढी वाट पाहिली नव्हती.

"करीन," शेवटी मार्ला म्हणाली. "पण वाट्या तुम्ही घासायच्या. मी नुसत्या पुसणार."

वर्ग खदखदून हसला आणि बाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं.

बुधवारी वाटाण्याचं सूप होतं. ते वाट्यांना चिकटून बसतं. बाई बाह्या सरसावून घासत होत्या आणि मार्ला एकेक वाटी उजेडाला धरून तपासत होती. दोन वाट्या तिने परत केल्या. "काठाला राहिलंय, बाई." बाईंनी त्या पुन्हा घासल्या, आणि इतक्या खुशीत त्यांनी कित्येक वर्षांत भांडी घासली नव्हती.

शेवटची वाटी फळीवर गेली, तेवढ्यात रूलोफ्स दारात उभे राहिले. बाईंचे ओले हात बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. "काय गं मार्ला, आज बाईंवर ही पाळी का?" त्यांनी विचारलं.

बाईंनी खरं ते सांगायला तोंड उघडलं. मार्लाने त्यांच्याकडे बघून हळूच 'नको' अशी मान हलवली.

"काही नाही, सर," ती म्हणाली. "झालं ते."

आणि तिने ओलं फडकं पिळून वाळत घातलं.