बाकावरची आई

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगते. मी तीन शाळांची सिस्टर. दमा, फिट, मधुमेह असं काही असलेल्या मुलांची शाळेत नीट काळजी घेतली जातेय ना हे बघायचं, आणि घेतली जात नसेल तर भांडायचं, ही माझी नोकरी. भांडायचं हे नेमणुकीच्या पत्रात नाही, ते मी पदरचं घातलेलं आहे.

या शाळेत माझे वार मंगळवार आणि गुरुवार. पहिल्या मंगळवारी गेले तर चौथीच्या वर्गाबाहेर बाकावर एक बाई कोणाच्या तरी शर्टाला बटण लावत बसलेल्या. मी त्यांना औषधाची खोली विचारली. त्यांनी खोली सांगितली, किल्ली कुठल्या खिळ्यावर असते ते सांगितलं, तिथला नळ उलटा फिरतो तेही सांगितलं. वर, मोठ्या बाईंना भेटायचं तर त्यांचा चहा झाल्यावर भेटा, असा सल्लाही दिला.

"तुम्ही इथं कुठल्या कामावर आहात?" मी विचारलं.

"मी? मी आई आहे," त्या म्हणाल्या.

त्यांची मुलगी चौथीत. नाव काहीही असो, सगळी शाळा तिला भिंगरी म्हणायची, कारण ती एका जागी बसली की आजारी आहे असं समजायचं. तिला लहानपणीच होतो तो मधुमेह होता. जेवणाआधी बोटातून थेंबभर रक्त काढून साखर बघायची, पेनासारख्या सुईने इन्सुलिन द्यायचं, आणि फार खेळली की साखर उतरते म्हणून लक्ष ठेवायचं, एवढंच काम. दोन वर्षांपूर्वी आजार कळला तेव्हा शाळा म्हणाली, सुया टोचणं आमच्या कामात बसत नाही. मग आई येऊन बसली. सकाळच्या घंटेपासून सुटीच्या घंटेपर्यंत, दोन वर्षं.

एवढ्या काळात शाळेने काय करावं? तिची सवय करून घेतली. मोठ्या बाईंचा चष्मा कुठे राहिला ते तिला विचारायचं. रजेवरच्या शिक्षकांचा तास कोण घेणार हे तिला वेळापत्रकाआधी ठाऊक. गुडघा फुटलेलं पोर आधी तिच्याकडे. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात ते हेच. माझं डोकं फिरलं.

पण खरं डोकं फिरवलं ते भिंगरीने. तिची साखर बघत होते तेव्हा ती गंभीरपणे म्हणाली, "सिस्टर, मला कोणी रागावत का नाही?"

"तू वागतेस कशी?"

"वाईट," ती लगेच म्हणाली. "काल मी वर्गात शिट्टी वाजवली. बाईंनी दाराकडे बघितलं आणि गप्प बसल्या. बाकीच्यांना उभं करतात. आई बाहेर असते ना, म्हणून. आणि मैत्रिणी मला गुपितं सांगत नाहीत. आई गेली तर बरं होईल. पण तिला सांगू नका, तिला वाईट वाटेल."

नऊ वर्षांच्या पोरीने आईला वाईट वाटू नये म्हणून दोन वर्षं गप्प बसावं, याचं मला फार वाईट वाटलं. त्याच दिवशी ठरवलं, या बाईला घरी पाठवायचं.

मोठ्या बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, पण इतकं छान चाललंय!" त्यांच्या साडीची सुटलेली कड त्या आईने सकाळीच टाचून दिली होती, मी काय बोलणार.

सगळ्या शिक्षकांना बसवलं आणि विचारलं, सुई द्यायला कोण शिकतंय? खेळाचे सर, ज्यांच्या मिशीला पाचवी ते सातवी घाबरते, ते सुई बघूनच खुर्चीत घसरले. गणिताच्या बाई म्हणाल्या, हिशेब मी करते, टोचायचं मात्र दुसऱ्या कोणीतरी. सक्ती करायची नाही, असा नियम. दारात हजेरीचा कागद घेऊन उभे असलेले भाऊसाहेब, म्हणजे शाळेचे हेडक्लार्क, तेवढ्यात म्हणाले, "याचा लेखी आदेश आहे का?"

हे भाऊसाहेब म्हणजे अर्जाशिवाय पाणीही न पिणारा माणूस. आदल्या आठवड्यात कापसाच्या एका बंडलासाठी त्यांनी माझ्याकडून तीन सह्या घेतल्या होत्या. माझा पारा चढला. मी दोन्ही कागद त्यांच्या हातात कोंबले. एकावर जेवणाआधीच्या सुईच्या अकरा पायऱ्या, दुसऱ्यावर साखर उतरली तर करायच्या सहा. "घ्या! लेखी!"

त्यांनी चष्मा चढवला आणि दोन्ही कागद शांतपणे वाचले. "सातवा आकडा दोनदा आलाय," म्हणाले. "बाकी स्पष्ट आहे. हे वाचून कोणालाही जमेल."

"मग तुम्हीच करा!"

मी रागाने म्हटलं होतं. ते म्हणाले, "ठीक आहे. आकडे दुरुस्त करून द्या."

आम्ही स्पंजवर सराव सुरू केला, ते तिकिटांना पाणी लावायला वापरतात त्या स्पंजवर. सुई टोचून दहापर्यंत मोजायचं असतं, म्हणजे औषध पूर्ण आत जातं. भाऊसाहेबांनी विचारलं, दहा म्हटल्यावर काढायची की दहा म्हणून झाल्यावर? इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. पुढे मंगळवार-गुरुवार माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी खऱ्या सुया दिल्या. भिंगरीची आई बाकावरून उठून दारात येऊन उभी राही, परीक्षकासारखी.

"बोटाच्या मधोमध टोचू नका, भाऊसाहेब. बाजूला टोचा, तिथं कमी दुखतं."

"हे कागदावर नाही."

"आणि डावी करंगळी नको. ती तिची लाडकी आहे."

भाऊसाहेबांनी लाल शाईने लिहिलं: ३-अ, बाजूस टोचणे. ३-ब, डावी करंगळी वर्ज्य. खाली आईची सही घेतली. त्या दिवशी प्रथमच ती बाई माझ्याकडे बघून हसली, पण बाक काही सोडेना. "भाऊसाहेब चांगले आहेत हो," ती म्हणे, "पण मी इथं असलेली बरी."

शेवटी मोठ्या बाईंनी अट घातली. एक दिवस बघू. आई घरी. सिस्टर माझ्या खोलीत, हात न लावता. भाऊसाहेब एकटे. गडबड झाली, तर आई परत बाकावर आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. मी कबूल केलं. दुसरं करते काय?

त्या गुरुवारी आईला फाटकाबाहेर काढता काढता नाकी नऊ आले. ती तीनदा परत आली. एकदा जास्तीचा रस द्यायला, एकदा रस दिलाय हे सांगायला, आणि तिसऱ्यांदा नुसतीच. चौथ्यांदा यायच्या आत शिपाईमामांनी फाटक लावून घेतलं.

जेवणाआधीची सुई झकास झाली. भाऊसाहेबांनी लिलावासारखं मोठ्याने दहापर्यंत मोजलं आणि रकान्यात वेळ लिहिली. मी मोठ्या बाईंच्या खोलीत बसून सुस्कारा सोडला. तो जरा लवकरच सोडला.

खेळाच्या तासाला भिंगरी मैदानात खाली बसली. "पाय कापताहेत," म्हणाली. सर तिला उचलून मोठ्या बाईंच्या खोलीला लागूनच असलेल्या ऑफिसात घेऊन आले, मधल्या उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं. त्यांचा स्वतःचा चेहरा तिच्यापेक्षा पांढरा होता. साखर निघाली एकसष्ट. सत्तरच्या खाली म्हणजे उतरलेली. मी उठले, मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी परत बसले. आयुष्यात इतकं अवघड काम केलेलं नाही.

भाऊसाहेबांनी दुसरा कागद समोर ठेवला. "पायरी दोन, रस." भिंगरीने रसाचा डबा संपवला. "पायरी तीन, पंधरा मिनिटं थांबणे."

आणि इथे सगळ्यांना कंठ फुटला. मोठ्या बाई म्हणाल्या, अजून एक डबा द्या. सर म्हणाले, माझ्याकडे चॉकलेट आहे. गणिताच्या बाई म्हणाल्या, अर्धा डबा तरी. सगळे मिळून तिच्या तोंडात सगळं कोंबणार, आणि मग साखर वर आभाळाला भिडणार.

भाऊसाहेब उठून उभे राहिले. बावीस वर्षांत या माणसाने आवाज चढवलेला कोणी ऐकला नव्हता. "थांबणे म्हणजे थांबणे!" ते गरजले. "ज्यांना लेखी काही आणायचं असेल त्यांनी आणा, नाहीतर बाहेर!"

सगळे बाहेर. मुख्याध्यापिकासुद्धा. भिंगरीला इतकं हसू आलं की घड्याळाकडे बघायचंच ती विसरली. पंधरा मिनिटांनी साखर चौऱ्याण्णव. पुढची पायरी, बिस्किटं. शेवटची पायरी, पालकांना कळवणे.

आईने फोन उचलला नाही. पुन्हा लावला. अकरा वेळा लावला. जी बाई दोन वर्षं हाकेच्या अंतरावर होती ती गायब म्हटल्यावर सगळ्यांचं धाबं दणाणलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "बघा सिस्टर, मी म्हणत होते." शिपाईमामांना घरी पिटाळलं. घर दोन गल्ल्या पलीकडेच. मी मनातल्या मनात देवाला आणि स्वतःला आळीपाळीने बोल लावत होते.

दहा मिनिटांत आई धावत आली. केस सुटलेले, दोन पायांत दोन वेगळ्या चपला, गालावर उशीच्या अभ्र्याचा वळ. लेकीला चाचपलं, रकान्यातले आकडे बघितले, आणि तिथेच खुर्चीवर बसून हमसून रडायला लागली.

"मी झोपले होते," ती म्हणाली. "पाच मिनिटं पडावं म्हटलं. फोन ऐकूच आला नाही. मामांनी दार ठोठावलं तेव्हा जाग आली. चुकलं माझं. उद्यापासून मी येते परत."

मग भिंगरीने आम्हाला सांगितलं, आई रात्री रोज दोनदा उठून साखर बघते. दोन वर्षं. आणि दिवसा ती या बाकावर. मला ते विचारायचं सुचलं नव्हतं, याची मला लाज वाटली.

भाऊसाहेबांनी कागद उचलला, वरपासून खालपर्यंत वाचला, उलटून मागची बाजूही बघितली.

"बाई," ते म्हणाले, "पालकांना कळवणे, एवढंच आहे. पालकांनी जागं राहावं, असं यात कुठेही लिहिलेलं नाही."

आई रडता रडता हसली. मोठ्या बाईंनी चष्मा पुसला. "उद्या यायचं नाही," त्या म्हणाल्या. "आलात तर फाटकातून परत पाठवीन. फोनची घंटा तेवढी मोठी करून ठेवा." मी पहिल्यांदाच त्या बाईंशी न भांडता खोलीबाहेर पडले.

सुटीची घंटा झाली. भिंगरी दप्तर घेऊन आली आणि आईकडे संशयाने बघायला लागली.

"आई, आज बाईंनी मला अर्धा तास उभं केलं. कशासाठी, माहितीये?"

"नाही गं."

"मला एकीने गुपित सांगितलं, ते माहितीये?"

"मला कसं माहीत असेल? मी नव्हते ना इथं."

मग तिने आईचा हात धरून तिला फाटकाकडे ओढत नेलं आणि पार सकाळच्या घंटेपासून सांगायला सुरुवात केली. आई दोन वेगळ्या चपलांत तिच्याबरोबर चालत होती आणि दर दोन पावलांनी विचारत होती, "हो? मग?"