नबीलाच्या नावाचा कोरा रकाना

मित्रांनो, मी एक जुनी जन्मनोंदवही आहे. केळशीच्या अलीकडे खाडीकाठी एक गाव आहे, तिथल्या ग्रामपंचायतीच्या कपाटात मी राहते. माझा स्वभाव कडू आहे हे आधीच सांगते. गोड गोष्ट हवी असेल तर दुसऱ्या कुणाला विचारा.

मंडणगडच्या एका कारागिराने मला जाड पुठ्ठ्यात आणि लाल कापडात बांधले. माझ्या पानांवर जन्मतारीख, मुलगा की मुलगी, आईचे नाव, बापाचे नाव आणि शेवटी बाळाचे नाव असे रकाने आखलेले होते. पोर जन्मले की गोदा सुईण पंचायतीत येऊन सांगे आणि म्हातारे कारकून वळणदार अक्षरात लिहून घेत. तालुक्याचे साहेब ते अक्षर एकमेकांना दाखवत. तेव्हा मी फार मिरवले.

या गावातले बरेच बाप आखातात. बाळाचे नाव ठेवायचा मान बापाचा, म्हणून नाव पत्राने यायचे आणि पत्राला महिना लागायचा. तोवर माझ्यातला नावाचा रकाना कोराच राही, आणि नंतर येऊन तो भरून घ्यायचे कुणाच्या ध्यानात राहत नसे. १९९१ च्या जूनमध्ये खुर्शीदला मुलगी झाली. तिच्या नवऱ्याने, सुलेमानने, मस्कतहून 'नबीला' हे नाव कळवले तेव्हा घरात साखर वाटली गेली. मला मात्र कुणी कळवले नाही.

१९९८ च्या मार्चमध्ये सुलेमानचे पत्र आले. मुलीला त्याने एकदाच पाहिले होते, ती दीड वर्षाची असताना. छातीत दुखते, रजा मिळत नाही, मेअखेरपर्यंतचा व्हिसा काढला आहे, दोघी येऊन भेटून जा, असे त्याने लिहिले होते. पासपोर्टसाठी नबीलाचा जन्मदाखला हवा होता.

खुर्शीद तो मागायला आली तेव्हा महिपत भाऊसाहेब ग्रामसेवक होते. त्यांनी मला उघडले, नावाच्या रकान्यावरून बोट फिरवले आणि मिटून टाकले.

"नबीला नावाची नोंद नाही."

"पोर हितंच जन्मली, भाऊसायब. गोदाला इचारा."

"गोदाला विचारून दाखले मिळत नाहीत. सोमवारी या."

सोमवारी भाऊसाहेब मीटिंगला गेले होते. पुढच्या सोमवारी ते जागेवर होते, पण त्यांनी मान वर केली नाही. खुर्शीद चौकटीला टेकून दुपारपर्यंत उभी राही. तिला कुणी बसा म्हटले नाही. पान बासष्ट, ओळ सात, आई खुर्शीद, बाप सुलेमान! मला तोंड असते तर मी ओरडले असते. आईच्या नावाचा रकाना दोन बोटे डावीकडे होता, पण तेवढे बोट सरकवायचे कष्ट त्या माणसाने घेतले नाहीत. असे नऊ सोमवार गेले आणि मे संपला.

व्हिसाची मुदत संपली तरी ती येत राहिली, जुलैत मात्र यायची बंद झाली. सुलेमान कामावरच कोसळला आणि त्याला तिथेच दफन केले, असे बाबू शिपायाने सांगितले. भाऊसाहेब "अरेरे" म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

२००५ साली पंचायतीत संगणक आला आणि भाऊसाहेबांच्या जागी ज्ञानेश्वरी मॅडम आल्या. माझे पान न् पान त्यांनी त्यात भरले. त्या यंत्राचा मला राग आला होता, खोटे कशाला बोलू? पण कोरा रकाना दिसला की मॅडम त्या घरी निरोप धाडत. असाच निरोप गेला आणि खुर्शीद आली, सोबत चौदा वर्षांची नबीला. मॅडमनी दोघींना खुर्च्या दिल्या, पाणी दिले. आईच्या नावाने शोधताच नोंद पडद्यावर आली. मॅडमनी माझ्यात नाव लिहिले, संगणकात भरले आणि छापील दाखला खुर्शीदच्या हातात ठेवला.

"उशीर झाला, ताई. माफ करा."

खुर्शीदने दाखल्यावरच्या नावावरून बोट फिरवले.

"पाच मिंटांचं काम," ती म्हणाली. "म्हंजे तवापन पाच मिंटांचंच होतं."

मॅडमनी मला मिटून कपाटात ठेवले.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या असल्या खुर्च्यांवर बसतील. तुमच्यापुढे माझ्याहून हुशार यंत्रे असतील. तरी दारात कुणी उभे दिसले तर आधी त्याला बसवा, आणि दाखला कशासाठी हवा आहे ते विचारा. भाऊसाहेबांनी एवढे विचारले असते, तर आपला बाप कसा दिसायचा हे नबीलाला फोटोत बघावे लागले नसते.