स्वप्नातल्या घड्याळावर जळणारं घड्याळ

मी एक गजराचं घड्याळ बोलतोय. डोक्यावर दोन घंटा, पाठीत दोन किल्ल्या, आणि सातच्या आकड्यापाशी काचेला एक तडा. शिक्षण म्हणाल तर बारापर्यंत आकडे येतात. तेवढ्यावर आयुष्य काढलं.

दुकानाच्या काचेत आम्ही चाळीस जण होतो आणि चाळीस जणांत चाळीस वेळा. बेकरीत नुकताच लागलेला एक तरुण आला. त्यानं मला कानाशी धरलं. "हे जरा सावकाश बोलतं," म्हणाला, आणि घरी घेऊन आला. पहिल्याच आठवड्यात झोपेत चापट मारून खाली पाडलं. तो तडा तेव्हाचा. "चुकलो हो, म्हातारबा," म्हणाला. तेव्हापासून मी म्हातारबाच.

रात्रभर तो भट्टीवर. सकाळी आठला पडदा ओढून झोपायचा, दुपारी साडेतीनला मी ओरडायचो. बावीस वर्षं. मध्ये लग्न झालं, बायको आली, पण त्याला उठवायचा मान माझाच. तिनं हाक मारली तर तो कूस बदलायचा, मी ओरडलो तर उठून बसायचा. खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार तोरा होता. मी मुळात जळकुकडा आहे.

गेल्या वर्षी बेकरीच्या कोठारात आग लागली. आत त्याचा जोडीदार होता, त्याच्याबरोबर पीठ मळणारा. ह्यानं बाहेरून दार ढकललं, ढकललं, ढकलतच राहिला. मागून कुणीतरी येऊन ते ओढलं, तर उघडलं. ते दार ओढायचंच होतं, रोज हाच ओढायचा. जोडीदार वाचला, पण खांदा भाजला. आता तो पुढे गिऱ्हाइकांना पाव बांधून देतो, आणि हा त्याच्यासमोर मान वर करत नाही.

तेव्हापासून ते दार रोज स्वप्नात यायचं. दुपारी बारा-एकलाच हा किंचाळत उठायचा. माझ्याआधी! माझं काम एका दारानं पळवलं. पहिल्यांदा जळलो तो त्या दारावर.

त्याची धाकटी बहीण नर्स. ती म्हणाली, "दादा, स्वप्नात असतानाच 'हे स्वप्न आहे' एवढं कळलं ना, तर दाराचं काय करायचं ते तुझ्या हातात. जमतं ते, सवयीनं."

"सवय कशी लावायची?"

"पाच तास झोपायचं, उठायचं, अर्धा तास जागं राहायचं. मग 'मला स्वप्न ओळखू येईल' असं घोकत परत झोपायचं."

मग काय, माझी चंगळ! एकला एकदा ओरडायचो, साडेतीनला परत. दारापेक्षा मी मोठा झालो. पण त्या अर्ध्या तासानंतर त्याचा डोळा लागेना. सहाव्या रात्री पेंगत पेंगत त्यानं कणकेत मीठ दोनदा घातलं. सकाळी गल्लीभर लोक पाव थुंकत होते. मालक म्हणाले, "पुन्हा असं झालं तर घरीच झोप, पोटभर."

बायको कडाडली. "स्वप्नापायी झोपेचं खोबरं झालं! आणि ताई, तुम्ही नर्स ना हो?"

नणंद ओशाळली. "चुकलंच माझं, वहिनी. गजर नकोच. झोपताना पेलाभर पाणी पिऊ दे. आपोआप जाग आली तर आली, तेव्हा घोकायचं आणि लगेच झोपायचं. नाही आली तर झोपच महत्त्वाची. आणि तेही फक्त सुट्टीच्या दिवशी."

म्हणजे माझी जागा पेल्यानं घेतली. साध्या काचेच्या पेल्यानं! उशाशी एक वही आली, तिच्यात तो डोळे चोळत स्वप्नं लिहायचा. माझ्यापाशी बावीस वर्षांत एक अक्षर बोलला नव्हता.

मला एकच काम उरलं. नणंदबाईंनी सांगितलं होतं, "जागेपणी दिवसातून दहादा घड्याळ बघ, नजर फिरव, परत बघ. स्वप्नातल्या घड्याळाची वेळ बदललेली असते. ही सवय स्वप्नातही उतरेल."

तो बघायचा. चार वाजून दहा. परत बघायचा. चार वाजून दहा. आणि सुस्कारा टाकायचा, "हं. जागाच आहे."

बावीस वर्षं बरोबर चाललो, त्याचं बक्षीस हा सुस्कारा! आणि ते स्वप्नातलं भरकटलेलं घड्याळ दिसावं म्हणून हा झुरतोय! माझी स्प्रिंग आतल्या आत पिळवटली.

एका सुट्टीच्या दुपारी मी काटा धरून ठेवला. त्यानं पाहिलं, चार वाजून वीस. नजर फिरवली. मी काटा सोडला, एकदम पाच वाजून पाच. त्यानं परत पाहिलं, आणि चेहरा असा उजळला, असा उजळला की काय सांगू! असं हसून माझ्याकडे कधी कुणी पाहिलं नव्हतं.

"स्वप्न आहे," तो पुटपुटला. शेगडीवर पाण्याचं पातेलं खळखळत होतं. स्वप्नात भाजत नाही, म्हणून त्यानं ते नुसत्या हातांनी उचललं.

"अहो! अहो, काय करताय!" बायकोनं त्याला मागं खेचलं. पातेलं पडलं. चार बोटं पोळली. पीठ मळणाऱ्याची बोटं.

बोटं थंड पाण्याखाली धरून तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही, गोंधळून. त्या दिवशी मला मोडीत टाकलं असतं तरी मी हूं केलं नसतं.

"एकट्या घड्याळावर विसंबू नकोस," नणंदबाई पट्टी बांधताना म्हणाल्या. "नाक दाबून श्वास घेऊन बघ. स्वप्नात नाक दाबलं तरी श्वास येतो."

"आणि मी कडेला असले तर मला विचारा," बायको म्हणाली. "मी चिमटा काढीन. फुकटात."

आठवडाभर रजा. गजर नाही, घाई नाही, तो मनसोक्त झोपला. पाचव्या दिवशी उठला तो किंचाळत नव्हे. बायकोला हाक मारली.

"ते दार आलं होतं. दारावर घड्याळ. आधी साडेचार, मग बारा, मग काटेच नाहीत. नाक दाबलं, तर श्वास आला. आणि अगं, ते घड्याळ म्हातारबाच होता! सातापाशी तडा. मग मी दार ढकललं नाही. ओढलं."

"मग?"

"उघडलं. आत तो पाव खात बसला होता. म्हणाला, किती वेळ रे."

दुसऱ्या दिवशी तो जोडीदाराकडे गेला आणि वर्षभराचं सगळं सांगून टाकलं. घरी येऊन बायकोला सांगत होता, "तो म्हणाला, वर्षभर मला रोज कोंडत होतास होय? निदान चहा तरी आत पाठवायचास!" हसता हसता त्यानं डोळे पुसले.

मी फळीवरून ऐकत होतो. ज्याच्यावर जळत होतो तो मीच निघालो. तरी खरं सांगतो, थोडा अजूनही जळतो. तो स्वप्नातला तिथं दारावर होता, ऐन वेळी कामाला आला. मी इथं फळीवर.

त्या दिवशी धरून ठेवलेला माझा काटा आता अडखळतो. तुम्हांला स्वप्नं शिकायची असतील तर खुशाल शिका, पण त्यासाठी माझ्या भावंडांना अर्ध्या झोपेत ओरडायला लावू नका. आम्ही ओरडू हो, आम्हांला तेवढंच येतं. मीठ तुमच्या कणकेत पडेल.

बाकी, तो अजून दोनदा बघतो. काल पाहिलं, पाच वाजून दहा. नजर फिरवली, परत पाहिलं, पाच वाजून दहा. बायको चहा गाळत होती.

"बरं झालं," तो म्हणाला, "जागा आहे."