शेवटचा फ्री-थ्रो

कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलमध्ये आमच्या ह्यांचा तेहतीस वर्षांचा एकच नियम. सराव संपताना प्रशिक्षकाने एक फ्री-थ्रो टाकायचा, आणि तो रिंगमधून पडल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. बहुतेक पहिल्या फेकीतच पडायचा. उजवा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा डाव्याने पडला. थोरलीच्या लग्नादिवशीसुद्धा हे हॉलवर धावत जाऊन टाकून आले.

निवृत्तीच्या दिवशी मात्र पडेना!

भाषणं झाली होती, प्राचार्यबाईंनी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं होतं. आता फ्री-थ्रो टाकायचा, गळ्यातली शिट्टी नव्या प्रशिक्षिकेला द्यायची आणि संपलं. नवी म्हणजे ह्यांचीच जुनी विद्यार्थिनी. उंचीमुळे सगळे तिला शिडी म्हणतात.

पहिला चेंडू रिंगेवर आपटून परत. दुसरा तसाच. पाचव्याला मुली हसल्या, नवव्याला मोठ्याने मोजू लागल्या. "चौदा!" म्हणताना प्राचार्यबाईही ओरडल्या आणि मग इकडेतिकडे बघत पदर सावरू लागल्या.

"सर, रिंग खाली घेऊ का?" शिडीने विचारलं.

"तू आधी स्वतः खाली ये, मग रिंगेचं बघू," हे म्हणाले. हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

माझी जपाची वेळ टळत होती, म्हणून मी डोळे मिटून तिथेच वरच्या बाकावर नाम घेऊ लागले. पण कानावर काय, तर ठण्ण! ठण्ण! प्रत्येक वेळी तोच आवाज. डोळे उघडून पाहिलं. रिंगेच्या डाव्या अंगाला एक पोचा आहे. चेंडू दरवेळी नेमका त्या पोच्यावर. सोळाही तिथेच, सतराही तिथेच.

देवा रे, म्हटलं, चुकायलासुद्धा काय हा नेम!

मग कळलं. आठवडाभर ह्यांना झोप नव्हती. "मग रोज सकाळी पावणेसहाला मी करू काय गं?" एवढंच विचारत होते. चेंडू पडला की ती सकाळ येणार होती.

मी खाली उतरून हळूच म्हणाले, "अहो, माझा जप राहिला, तर मी काय करते?"

"दुसऱ्या दिवशी पुरा करतेस."

"मग?"

ह्यांनी चेंडू काखेत घेतला. कान लाल झाले. शिडी शेजारीच होती. तिचं लक्ष पोच्यावर गेलं, मग ह्यांच्या कानांकडे. तिने हात पुढे केला.

"सर, शिट्टी द्या. सराव काही संपलेला नाही. नियम म्हणजे नियम. उरलेला उद्या. सहाला या."

"पावणेसहा!" हे गरजले. "आणि उशीर केलास तर दहा फेऱ्या!"

शिट्टी तिच्या गळ्यात पडली, आणि मुलींनी असा गिल्ला केला की भेटीचं घड्याळ प्राचार्यबाईंच्या हातून निसटता निसटता वाचलं.

याला आता चार महिने झाले. रोज पहाटे मी जपाला बसते, हे हॉलवर जातात, मुलींच्या हातापायांची ठेवण सुधारतात, शेवटी चेंडू टाकतात. नाही पडत. वय झालं, म्हणतात.

आज निघताना दुधाची रिकामी पिशवी चुरगाळून ह्यांनी दारातूनच, मागे न बघता, ओट्याखालच्या बादलीत भिरकावली.

थेट आत. काठालाही शिवली नाही.

मी माळ ओढत राहिले. हसू आलं तर मणी चुकतो.