काशीरामचा फ्लोट

"अरे खेच! झोपलास काय?"

धोंडिराम ओरडला तेव्हा कुठे काशीरामने काठी हिसडली. गळ रिकामा आला. चारा साफ.

"सकाळपासून दुसरा गेला," धोंडिराम म्हणाला. "फ्लोट पार बुडाला होता यार. मला इथून दिसला."

"बारका होता. मुद्दाम सोडला."

"हो, आणि मी कंपनीचा मॅनेजर होतो."

दोघांनी विक्रोळीच्या एकाच कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवली. रिटायर झाल्यापासून दर रविवारी पवई तलाव. मासा धरायचा, बघायचा, सोडून द्यायचा. एकच नियम, दुसऱ्याच्या काठीला हात लावायचा नाही.

काशीरामने कणकेची गोळी लावून गळ टाकला. दोरीला बांधलेला, मासा लागला की बुडणारा फ्लोट पाण्यावर कुठेतरी तरंगत असणार. नातीचं, रुचिराचं, केशरी नेलपॉलिश त्याने त्याला फासलं होतं. "नवरी नटवलीस काय रे!" म्हणून धोंडिराम हसला होता. आता केशरीही दिसत नव्हतं. जिथे बघावं तिथेच नेमका धुरकट डाग. डोळ्याचा पडदा खराब झालाय, गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरने सांगून टाकलं होतं.

"काश्या, फ्लोट कुठाय सांग."

"तो काय, समोर."

"ती पाणकावळ्याची मान आहे."

"गप रव! माका सगळा दिसता!" चिडला की तो मालवणीत जायचा.

एरवी धोंडिरामने नक्कल केली असती. आज हसलासुद्धा नाही.

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

"वहिनींना माहितेय?"

"वनमालाला कळलं तर जिनासुद्धा एकट्याने उतरू द्यायची नाही. मग तलाव संपला."

"मला तरी सांगायचंस ना."

"आणि तू माझाच फ्लोट बघत बसला असतास. तुझा कोण बघणार?"

धोंडिराम उठून जवळ आला. काशीरामने काठी पोटाशी घट्ट धरली. पण तो नुसता शेजारी टेकला.

"काढून टाक तो फ्लोट. दोरी बोटावर घे. आमची आय नदीवर अशीच धरायची. काठीबिठी काय नव्हती तिला."

काशीरामने फ्लोट काढला, गळ परत टाकला आणि दोरी तर्जनीवर घेतली. अर्धा तास काहीच नाही. वारा दोरी ओढायचा, तो उगाच दचकायचा. मग टक. थोड्या वेळाने परत टक. तो थांबला. तिसऱ्यांदा दोरी सरळ चालायला लागली, तसा त्याने झटका दिला आणि काठी वाकली.

"बसला रे बसला! ढील दे!"

रोहू होता, दोनेक किलोचा. धोंडिरामने जाळीत घेतला. काशीरामने चाचपत गळ काढला आणि मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवला. दमलेला मासा असाच सोडला तर उलटतो.

"आज घरी सांग," धोंडिराम म्हणाला. "पुढच्या रविवारी मी न्यायला येतो. मग बोलू देत वहिनींना काय बोलायचं ते."

"बोलेल ती."

"बोलू दे."

"सांगतो."

धोंडिराम वाकून बघत होता. काठचं पाणी गढूळ, त्याला काही दिसेना.

"गेला काय?"

"थांब. दम खातोय."

तळव्याखाली कल्ले उघडत होते, मिटत होते. मग शेपटीचा एक फटका बसला.

"आता गेला," काशीराम म्हणाला, आणि हात तसेच पाण्यात ठेवून बसला.