टोपीवाल्याकडचा पाव

आत्याच्या तोंडाला लागू नये, हे त्या रस्त्यावर रांगणाऱ्या पोरालाही कळत होतं. ती जन्मली याच रस्त्यावर, दिव्यांच्या दुकानावरच्या माडीत. लग्न झालं तेव्हा सासरी जायला तिनं फक्त रस्ता ओलांडला. सगळ्या रस्त्याची लेक म्हणून सगळ्या रस्त्याची आत्या. शाळेत ती जेमतेम चार इयत्ता टिकली. कुणी तो विषय काढलाच तर म्हणायची, "मास्तरांकडचं संपलं, मग मी घरी आले."

रस्ता जुना, दोनशे वर्षांचा. पायाखाली गुळगुळीत झालेला दगड, दोन्ही बाजूंना एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी दुमजली घरं, खाली दुकानं आणि वर माणसं. बाहेरगावचे लोक हल्ली तो बघायला यायला लागले होते. येत, दारांचे फोटो काढत आणि पाणीसुद्धा न पिता निघून जात. तेव्हा दुकानदार मंडळानं ठरवलं, की दर शनिवारी पाहुण्यांना रस्ता नीट हिंडवून दाखवायचा. त्यासाठी एक बोलणारं माणूस हवं होतं. आत्याच्या धाकट्या सुनेनं स्वतः जाऊन सांगितलं, "मी करते."

सून परगावची. चार वर्षं झाली होती येऊन, पण अजून तिला कुणी तिच्या नावानं हाक मारत नव्हतं. भाजीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना ती 'आत्याची सून'. तिला या रस्त्यावर स्वतःचं असं काहीतरी हवं होतं, आणि ते तिनं आत्याला तोंडावर सांगितलंही होतं. आत्यानं नाक मुरडलं होतं, पण मनातून तिला ते आवडलं होतं.

मंडळाचा चिटणीस घड्याळं दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "पहिल्या शनिवारी बारा पाहुणे आहेत. नीट पार पडलं तर काम तुझं. नाहीतर माझी मेहुणी तयारच आहे."

ही मेहुणी एकदा दोन देश बघून आली होती आणि तेव्हापासून तिसरा विषय बोलत नव्हती.

सासू-सुनेनं कंबर कसली. तीन संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून आत्या मटार सोलत सांगत गेली आणि सून लिहीत गेली. एका बाजूला रस्त्याचा नकाशा, दुसऱ्या बाजूला कुठे काय बघायचं, कुठे काय खायचं. कागद तयार झाला तो चिटणिसानं वाचला, "फक्कड!" म्हणाला. कोपऱ्यावरच्या छापखानेवाल्यानं वाचून छापला. सुनेनं आणखी दोनदा वाचला. कुणालाही काही खटकलं नाही.

शनिवारी सकाळी अकराला बारा पाहुणे घड्याळाच्या खांबाखाली जमले. आत्या समोर खुर्ची टाकून बसली. फक्त बघायला, असं तिनं घरी कबूल केलं होतं. सून अर्धा तास बोलली आणि छान बोलली. दगड कुठून आले, आग कधी लागली, कुठली भिंत कुणी वाचवली, सगळं. आत्यानं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. हे बघायला तिचे दिवंगत यजमान हवे होते.

मग सुनेनं सगळ्यांना एकेक कागद दिला. "आता तुमचं तुम्ही हिंडा. हवं ते घ्या, खा. एक वाजता बँकेत जेवायला भेटू."

एक वाजता बँकेत टेबलं मांडून तयार होती. ही बँक म्हणजे या रस्त्यावरची सगळ्यात मोठी खानावळ. पितळी गज लावलेली खिडकी अजून तशीच, फक्त आता तिच्यातून आचारी बशा बाहेर सरकवायचा. मागच्या तिजोरीच्या खोलीत हातभर जाडीच्या लोखंडी दाराआड आठ माणसांचं टेबल होतं. भांडकुदळ कुटुंबं मुद्दाम तेच मागत, बाहेर आवाज जात नाही म्हणून.

पाहुणे आले होते पाच. सव्वा वाजला तरी पाचच.

"बारा सोडले होतेस ना?" चिटणीस मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाला. "की मोजायला चुकलो?"

सून काही बोलणार, तेवढ्यात सहावा आला. निवृत्त हेडमास्तर, टक्कल उन्हानं लाल झालेलं, हातात कागद.

"बाई," ते म्हणाले, "यात लिहिलंय, टोपीवाल्याकडे जरूर जा, माल पहिल्या प्रतीचा. ऊन फार म्हणून टोपी घ्यायला गेलो. आत बघतो तर पाव!"

"हो," सून म्हणाली.

"हो काय? पाव होता!"

"गरम नव्हता का?" चिटणिसानं काळजीनं विचारलं.

"अहो, पावाचं सोडा! टोपी कुठाय?"

आत्यानं त्यांच्याकडे दया आल्यासारखं बघितलं. "टोपीवाल्याकडे टोपी कशी मिळेल? तो जाऊन तीस वर्षं झाली."

हेडमास्तरांनी चष्मा पुसला आणि वर्गात वाचतात तसं मोठ्यानं वाचायला घेतलं. "'दातांच्या डॉक्टरकडे लहान मुलांना अवश्य न्या, दोन-दोन घेतल्याशिवाय उठत नाहीत.' दोन काय? दात?"

"आइस्क्रीम," तिघंही एकदम म्हणाली.

"'पोस्टात निवांत बसावे, मान दुखत असल्यास सांगावे.'"

"न्हावी आहे तो. मान फार छान चोळतो," चिटणीस म्हणाला. "बरोबरच आहे की सगळं. चूक दाखवा ना कुठंय ती!"

"आणि 'एक वाजता बँकेत जेवण'! चौघं कधीची तिकडे स्टेशनजवळच्या काचेच्या इमारतीत गेलीत. मीही तिथूनच येतोय."

आता मात्र सुनेनं कागद हातात घेतला आणि परक्यानं लिहिल्यासारखा वाचला. टोपीवाला, पोस्ट, चष्मेवाला, बँक. एकाही दुकानात आज ते नव्हतं जे त्याचं नाव होतं. रस्त्यावरचं कुणीच पाटी वाचत नसे. दुकान ज्याचं होतं त्याच्या नावानंच ते चालत राही, मग आत दोनदा धंदा बदलो की तीनदा. चार वर्षांत तीही तशीच बोलायला लागली होती आणि तिला पत्ताही लागला नव्हता.

चिटणिसाचा चेहरा हळूहळू उतरला. "म्हणजे हे बाहेरच्यांना... अरे देवा! हा कागद कुणी लिहिला?"

"मी," सून म्हणाली. "मी बघायला हवं होतं. चूक माझीच." आवाज नेहमीचाच होता, पण हातातल्या कागदाची ती घडीवर घडी घालत चालली होती. तो सुपारीएवढा झाला तरी ती थांबेना.

आत्या ते बघत होती. आत्यानं जन्मात स्वतःची चूक कबूल केली नव्हती. एकदा यजमानांच्या कोटाची बाही उलटी शिवली गेली, तर नवी तऱ्हा आहे म्हणून तिनं त्यांना तो सगळा हिवाळा तसाच घालायला लावला होता. या वेळीही गप्प बसली असती तर कुणी तिच्याकडे बोट दाखवलं नसतं. सून तर नाहीच. तरी ती बोललीच.

"तिनं फक्त लिहिलं. सांगितलं मी. चूक माझी आहे."

खिडकीमागे आचाऱ्याच्या हातातला डाव खाली पडला.

"काय म्हणालीस आत्या?" चिटणिसानं विचारलं.

"ऐकू आलं नसेल तर कान साफ करून ये. मी दोनदा म्हणणार नाही. आणि मेहुणीला बोलवायचं मनात असेल तर ते इतक्यात काढून टाक. आधी माणसं गोळा करायची आहेत. किती राहिले?"

"सहा," सून म्हणाली. तिच्या मुठीतला कागद आता थांबला होता. "चौघं बँकेत. म्हणजे, खऱ्या बँकेत. दोघं कुठे आहेत कळत नाही."

"न कळायला काय झालं? कागदानं पाठवलं तिथे गेले असणार, आणि आपल्या माणसांनी त्यांना बसवून घेतलं असणार. दारात आलेल्याला इथे कुणी तसंच सोडतं का? तू चौघांना आण. तुझे पाय धावतात. मी बाकीचे आणते." तिनं हेडमास्तरांकडे बघितलं. "तुम्ही चला माझ्याबरोबर. टोपी बघायचीय ना?"

आत्याचा गुडघा एरवी तिला कोपऱ्यापर्यंतही जाऊ देत नसे. आज त्याला कुणी विचारलंच नाही.

पहिलं लागलं टोपीवाल्याचं. पाववाली भट्टीशी होती. आत्यानं हेडमास्तरांना फळ्यांकडे वळवलं. भिंतभर गोल कोनाडे, एकेका टोपीच्या मापाचे, प्रत्येकावर जुन्या रंगात आकडा. पाववालीच्या सासऱ्यानं जागा घेतली तेव्हा कोनाडे मोडायला जिवावर आलं, म्हणून त्यानं पावच कोनाड्यांच्या मापाचे भाजायला घेतले. आजही गिऱ्हाईक आलं की पाववाली विचारायची, "कितवा देऊ?"

"दोघांच्या घरात पाच नंबर पुरतो," आत्या म्हणाली. "आमच्याकडे नऊ लागतो."

हेडमास्तर आ वासून बघत राहिले. मग लाजत म्हणाले, "माझ्या डोक्याचं माप सात आहे."

पाववालीनं सात नंबरचा पाव काढून सरळ त्यांच्या डोक्याशी धरला. "बसतोय!" ती म्हणाली, आणि हेडमास्तर असे हसले की त्यांचे विद्यार्थी बघते तर घाबरले असते.

चष्मेवाल्याकडे, म्हणजे गरम सूप विकणाऱ्या दुकानात, आत्याच्या अंदाजाप्रमाणे एक पाहुणी सापडली. चष्म्याची दांडी तुटली म्हणून आशेनं आत शिरली होती. सूपवालीनं ती दांडी तारेनं बांधून दिली होती, आणि आता पाहुणीची तिसरी वाटी चालली होती.

"मला म्हणाल्या, डोळे बारीक करून उभ्या राहू नका, बसा," पाहुणी म्हणाली. "बसले ती उठूच देत नाहीत!"

"अहो, उपाशी माणसाला नीट दिसेल कसं?" सूपवाली आतून ओरडली.

पोस्टात दुसरा पाहुणा होता. गेला होता बायकोला पत्र टाकायला. न्हाव्यानं पत्र ठेवून घेतलं, उद्या टाकतो म्हणाला, आणि तोवर बसा म्हणत दाढी-केस सगळं उरकून टाकलं होतं. माणूस दहा वर्षांनी लहान दिसत होता आणि आरशासमोरून हलायला तयार नव्हता.

"आता बायकोला पत्रानं नाही भागायचं," आत्या म्हणाली. "आधी फोटो पाठवा, नाहीतर घरात घ्यायची नाही."

तेवढ्यात स्टेशनाकडून सून चौघांना घेऊन आली. धापा टाकत, केस सुटलेले, आणि हसू आवरत नव्हतं तिला.

"आई, काय झालं माहितीय? यांनी तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं, जेवण कुठे आहे? तो आपल्याच रस्त्यावरचा. बँकेच्या दारात उभा राहून म्हणाला, जेवण इथे नाही, बँकेत आहे! यांना वाटलं, उन्हानं बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय."

आत्या भर रस्त्यात पोट धरून हसली. तिला तशी हसताना बघून न्हावी कात्री घेऊनच बाहेर आला, सूपवाली दारात आली, आइस्क्रीमवाल्यानं वरच्या खिडकीतून डोकं काढलं. मग बँकेत पोचेपर्यंत आत्याचं तोंड थांबलं नाही. इथे दात उपटायचे तेव्हा आवाज चौकापर्यंत जायचा. इथे टोपी बघायला म्हणून एक जण रोज यायचा आणि शेवटी टोपीवाल्याची बहीण घेऊन गेला. पाहुणे तिच्याभोवती घोळका करून चालले होते, आणि दुकानदार मधेमधे "आत्या, ती उंदराची गोष्ट सांग!" असं सुचवत होते.

अडीचला बँकेत बाराही जण जेवायला बसले. तिजोरीच्या खोलीतलं टेबल बाहेर आणून जोडलं तेव्हा कुठे सगळे मावले. हेडमास्तरांनी पाव मांडीवर ठेवला होता, खाली ठेवायला तयार नव्हते. चष्म्याची पाहुणी म्हणाली, इतकं छान हरवायला मिळालं नव्हतं कधी, पुढच्या वेळी बहिणीला आणते.

चिटणीस आता लोण्यासारखा मऊ झाला होता. तो आत्याकडे वाकला. "आत्या, खरं सांगू? रस्ता तूच दाखवावास. दर शनिवारी. लोकांना तूच हवीयेस."

"हो, हो!" टेबलावरून चार आवाज आले.

आत्याच्या हातातला घास हातातच राहिला. साठ वर्षं ती हे सगळं फुकट सांगत होती, आणि आज लोक मागत होते. तिनं समोर बघितलं. सून पाहुण्यांना वाढत होती. "आई बोलतात छानच," ती म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं होतं. तेच आत्याला लागलं.

"मला काय विचारतोस?" आत्या चिटणिसावर खेकसली. "काम तिनं मागितलं. चौघांना धावत जाऊन तिनं आणलं. तिला विचार. तिला मी हवी असेन तर ती मला बोलावेल."

सगळे सुनेकडे बघायला लागले. सुनेनं भांडं खाली ठेवलं आणि थोडा विचार केला.

"बोलावीन," ती म्हणाली. "पण माझं बोलून झाल्यावर. मधे तोंड घालायचं नाही. आणि कागद आहे तसाच राहू दे, फक्त बँकेपाशी मोठा बाण काढते."

पितळी गजांमागे आचारी श्वास रोखून उभा राहिला. चिटणिसानं हळूच खुर्ची मागे घेतली. आत्याला असं सांगितलेलं त्या रस्त्यानं आजवर ऐकलं नव्हतं.

आत्यानं सुनेला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कितीला यायचं?" तिनं विचारलं.

"अकराला. उशीर करू नका," सून म्हणाली, आणि तिनं आत्याच्या ताटात न विचारता आणखी दोन बटाटे वाढले.